पोटातील आम्ल आणि घरातील औषधे

छातीत जळजळ, करपट ढेकर, पोट फुगणे, तोंडाला आंबट पाणी सुटणे या तक्रारी ठाऊक नाहीत असे घर आपल्या वस्तीत शोधूनही सापडणार नाही. कुणी त्याला पित्त म्हणतो, कुणी गॅस, तर कुणी अ‍ॅसिडिटी. त्यावरचे उपायही घरोघरी ठरलेले आहेत. स्वयंपाकघरातील चिमूटभर खाण्याचा सोडा, कोपऱ्यावरच्या दुकानातील इनोची पुडी, नाहीतर मेडिकलमधून आणलेली गुलाबी गोळी किंवा पांढरे दुधाळ औषध. यासाठी कुणी डॉक्टरांकडे जात नाही. औषध पोटात गेले, ढेकर आला, बरे वाटले आणि विषय संपला.

विषय खरोखरच संपतो काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. परंपरेने सांगितले म्हणून, ग्रंथात लिहिले म्हणून किंवा मोठा माणूस बोलला म्हणून कोणतीही गोष्ट मानू नका, स्वतः पारखून घ्या, ही कालाम सुत्तातील शिकवण आपण विहारात नेहमी ऐकतो. औषधाच्या पुडीला ती लागू नाही असे कोण म्हणेल? जाहिरातीतला माणूस सांगतो म्हणून किंवा शेजारी घेतो म्हणून औषध घेणे, ही चिकित्सक वृत्ती नव्हे. म्हणून या औषधांच्या पोटात नेमके काय असते आणि आपल्या पोटात गेल्यावर ते काय करते, हे आम्ही येथे सोप्या भाषेत मांडणार आहोत. यासाठी शाळेतील आठवी-नववीचे रसायनशास्त्र पुरेसे आहे.

जठरात आम्ल कशासाठी?

पहिली गोष्ट ही की पोटातील आम्ल हा रोग नाही. ते निसर्गानेच दिलेले आहे. आपल्या जठरात दिवसाला साधारण दीड ते दोन लिटर जठररस तयार होतो आणि त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. शाळेच्या प्रयोगशाळेत बाटलीत ठेवलेले असते तेच हे आम्ल, फक्त पुष्कळ पातळ. इंग्लंडमधील डॉक्टर विल्यम प्राउट यांनी १८२४ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधातून जठरात हेच आम्ल असते हे दाखवून दिले. पुढे १८३६ साली थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाने जठररसातील पेप्सिन हा पाचक पदार्थ शोधला. डाळ, अंडी, मांस यांतील प्रथिने फोडण्याचे काम पेप्सिन करते आणि ते आम्लातच चालते. अन्नाबरोबर पोटात गेलेले अनेक जंतूही या आम्लात मरतात.

मग हे आम्ल जठरालाच का जाळत नाही? कारण जठराच्या आतल्या बाजूला बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो आणि त्या थरात बायकार्बोनेट पाझरत असते. म्हणजे आपण डब्यातून काढून खातो त्या सोड्याचा मुख्य घटक शरीर स्वतःच तयार करते आणि योग्य जागी ठेवते. अन्ननलिकेला मात्र असे भक्कम अस्तर नसते. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायूंचा वळसा सैल पडला की आम्ल वर चढते आणि छातीत जळजळ होते. तक्रार छातीत आणि कारण पोटात, असा हा प्रकार आहे.

सामू म्हणजे काय?

एखादा द्रव किती आम्लधर्मी आहे हे मोजण्यासाठी सामू, म्हणजेच पीएच, ही मोजपट्टी वापरतात. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सोरेनसन यांनी ती १९०९ साली मांडली. शुद्ध पाण्याचा सामू ७. त्याहून कमी असेल तर द्रव आम्लधर्मी, जास्त असेल तर आम्लारीधर्मी. रिकाम्या जठराचा सामू साधारण १.५ ते ३.५ या दरम्यान असतो.

या मोजपट्टीतील एक गंमत ध्यानात ठेवावी. सामू एका अंकाने वाढला की आम्लता दहापट घटते. म्हणून १.५ चा सामू ३.५ झाला तर आम्लता शंभरावर एक एवढीच उरते. पोटाच्या औषधाला जठरातील रस पाण्यासारखा उदासीन करावा लागत नाही. सामू साडेतीन-चारच्या आसपास आला तरी जळजळ थांबते आणि पेप्सिनचाही जोर ओसरतो. थोडक्या औषधाने लवकर आराम पडतो तो यामुळे. चमचे वाढवून गुण वाढत नाही.

खाण्याचा सोडा आणि फसफसणारी पुडी

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. जठरात गेल्यावर घडणारी क्रिया अशी:

सोडियम बायकार्बोनेट + हायड्रोक्लोरिक आम्ल → मीठ + पाणी + कार्बन डाय-ऑक्साइड

आम्ल आणि आम्लारीधर्मी पदार्थ एकत्र येऊन दोघांचाही गुण संपतो, याला उदासिनीकरण म्हणतात. पोटाची बहुतेक जुनी औषधे याच एका क्रियेवर उभी आहेत. सोड्याची क्रिया सर्वांत जलद, पण तिचे दोन परिणाम घ्यावेच लागतात.

पहिला परिणाम वायूचा. एक ग्रॅम सोडा पूर्णपणे वापरला गेला तर शरीराच्या तापमानाला सुमारे ३०० मिलिलिटर वायू तयार होतो, म्हणजे मोठा पेलाभर. सोडा घेतल्यावर येणारा मोकळा ढेकर बहुतांशी या नव्या वायूचा असतो. पोटात अडकलेला जुना गॅस निघाला असे आपण समजतो, ते बरोबर नाही. लग्नाच्या पंगतीत आकंठ जेवून वर लगेच चमचाभर सोडा घेणे तर धोक्याचेच. तुडुंब भरलेल्या जठरात एकाएकी वायू झाल्याने जठर फाटल्याच्या घटना, क्वचित का होईना, वैद्यकशास्त्रात नोंदलेल्या आहेत.

दुसरा परिणाम सोडियमचा. एक ग्रॅम सोड्यात सुमारे २७० मिलिग्रॅम सोडियम असते. चहाचा एक सपाट चमचा सोडा म्हणजे पाचेक ग्रॅम, त्यातून सव्वा ग्रॅमहून अधिक सोडियम शरीरात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसभरात दोन ग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे. ज्यांचा रक्तदाब चढलेला आहे, पायांवर सूज येते, हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे आहे, त्यांनी जेवणातले मीठ तोडायचे आणि रात्री सोड्याचे पाणी प्यायचे, हे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेण्यासारखे आहे.

इनोसारख्या पुडीवर स्वर्जिक्षार आणि निंबुकाम्ल अशी नावे छापलेली असतात. नावे भारदस्त, पण स्वर्जिक्षार म्हणजे आपला खाण्याचा सोडा आणि निंबुकाम्ल म्हणजे लिंबातले सायट्रिक आम्ल. त्यांच्या जोडीला धुण्याच्या सोड्याच्या जातीचे सोडियम कार्बोनेट असते. कोरड्या पुडीत ही मंडळी गुण्यागोविंदाने राहतात. पाणी मिळताच आम्ल आणि सोडा यांची गाठ पडते व पेला फसफसतो. तो फेस पेल्यातच उडून जातो, आराम त्याने पडत नाही. उरलेला सोडा आणि तयार झालेले सोडियम सायट्रेट जठरातील आम्ल शोषते, तेव्हा आराम पडतो. अशा पुडीतही सोडियम भरपूर असते हे विसरू नये.

येथे एक इशारा देणे आम्हाला अगत्याचे वाटते. पाण्यात फसफसणारी प्रत्येक गोळी पोटाची नसते. डोकेदुखीवरची अ‍ॅस्पिरिनची विरघळणारी गोळीही अशीच फसफसते. जठर दुखत असताना ती घेणे म्हणजे आगीत तेल ओतणे. म्हणून पाकिटावरचे नाव वाचल्याशिवाय गोळी पेल्यात टाकू नये.

पांढरे दुधाळ औषध आणि चघळायची गोळी

जेलुसिल, डायजीन यांसारख्या औषधांत प्रामुख्याने मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड आणि अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड असतात. ही द्रव्ये पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, म्हणून बाटली हलवून घ्या असे लिहिलेले असते. बाटली हलवली नाही तर वरचे पाणी पोटात जाते आणि औषध तळाशी राहते. हायड्रॉक्साइड आणि आम्ल यांच्या क्रियेत क्षार व पाणी तयार होते, वायू होत नाही. म्हणून यात फेस नाही आणि औषधाने आणलेला ढेकरही नाही.

दोन द्रव्ये एकत्र का? मॅग्नेशियमचे क्षार आतड्यात पाणी ओढून धरतात, त्यामुळे शौचास पातळ होते. निव्वळ मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड म्हणजे मिल्क ऑफ मॅग्नेशिया तर जुलाबासाठीच देतात. अ‍ॅल्युमिनियमचा गुण उलटा, त्याने मलावरोध होतो. दोघांना एकत्र बांधले की एकाचा दोष दुसऱ्याने सावरतो. शिवाय मॅग्नेशियम लवकर काम करते आणि अ‍ॅल्युमिनियम सावकाश, पण जास्त वेळ. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांच्या शरीरात मात्र हे दोन्ही धातू साठू शकतात, म्हणून त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही औषधे घेऊ नयेत.

तिसरे द्रव्य कॅल्शियम कार्बोनेट. खडू, शंख, शिंपले, अंड्याचे कवच हे सारे मुख्यतः याचेच बनलेले. अंड्याच्या कवचावर लिंबू पिळून पाहा, बारीक बुडबुडे येतील. तीच क्रिया पोटात घडते. पण हे औषध फार दिवस भरपूर घेतले तर रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते. पानाला लावायचा चुना हा मात्र कॅल्शियम हायड्रॉक्साइड आहे. तो दाहक असून त्याला औषध समजू नये.

वजनास वजन तोलले तर हिशेब असा येतो. एक ग्रॅम सोडा ०.४३ ग्रॅम आम्ल उदासीन करतो, एक ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट ०.७३ ग्रॅम, तर एक ग्रॅम मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड १.२५ ग्रॅम. सर्वांत जास्त फसफसणारा सोडाच बळाने सर्वांत उणा ठरतो. आपल्या मुलांना हे घरीच दाखवता येईल. दोन वाट्यांत लिंबाचा रस घ्यावा, एकीत सोडा टाकावा, दुसरीत दुधाळ औषधाचा चमचा. एका वाटीत फेस उसळेल, दुसरीत काहीच घडले नाही असे वाटेल. पण आंबटपणा दोन्हीकडे मोडलेला असेल. जास्वंदीच्या लाल पाकळ्या कुस्करून केलेले पाणी त्याची साक्ष देईल, कारण ते आम्लात गुलाबी-लाल होते आणि आम्लारीत हिरवट. फेस आला म्हणजे गुण आला असे नव्हे, हा धडा या प्रयोगातून मिळतो.

ही औषधे रिकाम्या पोटी घेतली तर अर्ध्या तासात जठरातून पुढे निघून जातात. जेवणानंतर तासाभराने घेतली तर अन्नासोबत थांबून दोन-तीन तास काम करतात. तसेच लोहाच्या गोळ्या, थायरॉइडच्या गोळ्या आणि टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन यांसारखी प्रतिजैविके यांच्यासोबत ती घेऊ नयेत. ती त्या औषधांना पोटातच बांधून ठेवतात. रक्त कमी आहे म्हणून सरकारी दवाखान्यातून आणलेली लोहाची गोळी आमची भगिनी मळमळते म्हणून पित्ताच्या औषधाबरोबर घेते, आणि रक्त काही वाढत नाही. या दोहोंत निदान दोन तासांचे, आणि थायरॉइडच्या गोळीच्या बाबतीत चार तासांचे अंतर हवे.

गॅसचे औषध, ओवा आणि काळे मीठ

या बाटल्यांवर सिमेथिकोन असेही एक नाव आढळते. त्याचा आम्लाशी काहीही संबंध नाही. ते एक प्रकारचे सिलिकॉन तेल आहे. पोटातील बारीक बुडबुड्यांचा ताण कमी करून ते त्यांना एकत्र आणते, म्हणजे मोठा बुडबुडा होऊन वायू बाहेर पडतो. ते रक्तात शोषले जात नाही.

काळे मीठ किंवा पादेलोण पित्त मारते असा समज आहे. काळे मीठ हे मुख्यतः मीठच आहे, त्याचा उग्र वास गंधकाच्या संयुगांचा. मिठाने आम्ल उदासीन होत नाही. ओव्याच्या वासाने आणि चवीने बरे वाटत असेल, पण तोही आम्लारी नाही. थंड दुधाने घटकाभर आराम पडतो. मात्र दुधातील प्रथिने आणि कॅल्शियम यांमुळे जठर नंतर आणखी आम्ल सोडते.

आम्लाचा नळच आवळणारी औषधे

आतापर्यंतची औषधे सांडलेले आम्ल पुसून घेणारी झाली. दुसऱ्या जातीची औषधे आम्ल तयार होणेच कमी करतात. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून सिमेटिडीन हे पहिले यशस्वी औषध १९७६ साली इंग्लंडमध्ये बाजारात आले आणि ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्याच कुळातील रॅनिटिडीन आपल्याकडे घराघरांत पोहोचले. त्यात एनडीएमए हे कर्करोगाची शक्यता वाढवणारे द्रव्य आढळल्याने अमेरिकेने २०२० साली ते बाजारातून काढायला लावले, आणि भारताच्या आवश्यक औषधांच्या यादीतून ते २०२२ साली वगळण्यात आले. फॅमोटिडीन हे त्याच कुळातील दुसरे औषध वापरात आहे.

ओमेप्राझोल आणि पँटोप्राझोल त्याही पुढची. जठरातील पेशींमध्ये आम्ल बाहेर फेकणारे सूक्ष्म पंप असतात. ही औषधे त्या पंपांनाच रासायनिक बंधाने जखडून टाकतात. पंप कामाला लागण्याच्या वेळी औषध रक्तात असावे लागते, म्हणून ही गोळी न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. जळजळ सुरू झाल्यावर ती गिळून लगेच उपयोग होत नाही. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीने घ्यायची आहेत, पण काउंटरवर सहज मिळतात, आणि पुष्कळ लोक वर्षानुवर्षे रोज घेतात. दीर्घकाळ घेतल्यास शरीरातील बी-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकते, आणि एकाएकी बंद केल्यास आम्ल पूर्वीपेक्षा उसळून येते.

दुःखाचे कारण कोणते?

तथागतांनी दुःख सांगितले, तसेच दुःखाला कारण आहे हेही सांगितले. कारण दूर झाल्याशिवाय दुःख दूर होत नाही. पोटाच्या औषधाबाबत आमचे सांगणे एवढेच आहे. सोडा आम्ल मारतो, आम्लाचे कारण मारत नाही.

जठरातील व्रणाचे, म्हणजे अल्सरचे, एक मोठे कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आहे. ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी तो १९८२ साली प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. इतक्या आम्लात जंतू जगणारच नाही, असे त्या वेळी जाणकार म्हणत होते. तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी तो जंतू स्वतः पिऊन पाहिला आणि त्यांच्या जठराला सूज आली. या दोघांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा जंतू जगतो कसा? तो युरियापासून अमोनिया तयार करतो आणि अमोनिया भोवतालचे आम्ल उदासीन करतो. म्हणजे आपण पुडी घेऊन जे करतो, तेच तो स्वतःच्या रक्षणासाठी करतो. सोड्याने त्याचे काहीही बिघडत नाही. त्याला डॉक्टरांनी दिलेली प्रतिजैविके ठरल्या दिवसांपर्यंत पूर्ण घ्यावी लागतात.

दुसरे कारण आपल्या कष्टकरी समाजाच्या फार जवळचे आहे. दिवसभर ओझी उचलून, बांधकामावर राबून किंवा वाकून झाडलोट करून अंग दुखते. मग रोज संध्याकाळी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी, तीही उपाशीपोटी. जठराच्या संरक्षक थराला प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांचा आधार असतो आणि या गोळ्या तीच द्रव्ये तयार होऊ देत नाहीत. अ‍ॅस्पिरिनची ही करणी जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिली. एका गोळीने अस्तर झिजवायचे आणि दुसऱ्या गोळीने जळजळ झाकायची, असे चक्र चालते. आत व्रण वाढत राहतो आणि एके दिवशी रक्ताची उलटी होते. विडी, तंबाखू, मिश्री, दारू आणि रात्री उशिरा भरपेट जेवून लगेच आडवे होणे ही बाकीची कारणे आम्ही वेगळी सांगायला नकोत.

धम्मग्रंथांतील दाखला

विनयपिटकाच्या महावग्गात भेसज्जक्खन्धक नावाचे प्रकरण आहे. भिक्खूंना आजारपणात कोणती औषधे घेता येतील याची त्यात नोंद आहे. समुद्राचे मीठ, काळे मीठ, सैंधव यांसह पाच मिठे त्यात आहेत, आणि पोटाच्या विकारासाठी आमिसखार, म्हणजे अन्न जाळून केलेल्या राखेचा खार, यालाही अनुज्ञा आहे. पोटाच्या तक्रारीवर खार देण्याची रीत किती जुनी आहे हे यावरून कळते. पण तेथेही अमुक भिक्खूला अमुक आजार झाला म्हणून अमुक औषध, असा क्रम आहे. आजार आधी आणि औषध नंतर.

संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची कथा आहे. तो दोणभर भात खाऊन धापा टाकीत बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला कोणतेही चूर्ण दिले नाही, भोजनातील प्रमाणाविषयी एक गाथा ऐकवली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करून आपल्या प्रत्येक जेवणाच्या वेळी म्हणायला सांगितले, आणि त्यासाठी रोज शंभर कहापण देऊ केले. हळूहळू राजा एक नाळीभर भातावर आला आणि अंगाने हलका झाला. कारणावर घाव घातला की पुडीची गरज उरत नाही, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

या खुणा दिसल्यास पुडी बाजूला ठेवा

वाचक बंधू-भगिनींनो, लेखातील बाकी सारे विसरलात तरी चालेल, एवढे लक्षात ठेवा.

छातीत दाब किंवा आवळल्यासारखे दुखते, दुखणे डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाते, दरदरून घाम सुटतो, दम लागतो, तर ते पित्त नसून हृदयविकाराचा झटका असू शकतो. मधुमेही माणसाला आणि स्त्रियांना कित्येकदा छातीत फारसे दुखतही नाही, नुसती मळमळ आणि अस्वस्थता वाटते. अशा वेळी सोडा देऊन, पाठ चोळून माणसाला झोपवणे म्हणजे मोलाचा वेळ गमावणे होय. गॅस असेल, सकाळी बघू, या एका वाक्याने अनेक घरांतील कर्ती माणसे गेली आहेत. १०८ क्रमांकावर फोन करा, नाहीतर मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठा. तपासणीत पित्तच निघाले तर कुणाचे काही बिघडत नाही.

शौचास डांबरासारखे काळे होणे, उलटीत रक्त किंवा कॉफीसारखा चोथा पडणे, यांतही लगेच रुग्णालयात जावे. घास अडकणे, कारण नसता वजन घटणे, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, किंवा दोन आठवडे औषध घेऊनही न थांबणारी जळजळ, यांसाठी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. गरोदर भगिनींनी आणि लहान मुलांसाठी मनानेच औषध निवडू नये.

पोटाची ही साधी औषधे वाईट आहेत असे आमचे म्हणणे मुळीच नाही. एखाद्या दिवशी जेवण जड झाले तर ती आपले काम चोख करतात. पण ती रोजची झाली की समजावे, पोट काही सांगत आहे आणि आपण त्याचे तोंड बंद करीत आहोत. औषधाच्या पाकिटावरचे बारीक अक्षर वाचण्याइतके शिक्षण आज आपल्या घराघरांत आहे. बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले. ते शिक्षण स्वयंपाकघरातील डब्यापर्यंत आणि औषधाच्या बाटलीपर्यंत पोहोचावे, एवढीच आमची सदिच्छा.

नमो बुद्धाय! जय भीम!